निवासी जमिनीचे पोटविभाजन आणि पोचरस्ता (पुणे)

एका मोठ्या जमिनीचे राहण्यासाठी लहान भूखंड पाडणे म्हणजे पोटविभाजन, आणि सार्वजनिक रस्त्यापासून त्यातल्या प्रत्येक भूखंडापर्यंत नेणारी वाट म्हणजे पोचरस्ता. लोक याला ‘प्लॉटिंग’ आणि ‘ॲप्रोच’ म्हणतात. धायरी, नऱ्हे, आंबेगाव, मांजरी, लोहगाव या भागांत शहर शेतांवर वाढले. भावाभावांच्या वाटणीत प्रत्येकाला रस्त्याकडचे तोंड हवे असते. त्यामुळे शेत उभे चिरले जाते आणि रुंदीला कमी, लांबीला जास्त अशा पट्ट्या उरतात. अशी पट्टी पुढे प्लॉटिंगला गेली की मागच्या प्लॉटला वाट द्यायची कोणाच्या हिश्श्यातून, यावरून कुरबूर सुरू होते.

एका एकराचा हिशेब मांडला की गोम कळते. एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4,047 चौरस मीटर. राज्याच्या 2020च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 150 मीटरपर्यंत लांबीचा अंतर्गत रस्ता किमान 9 मीटर रुंद लागतो. तो 80 मीटर लांब धरला तर 720 चौरस मीटर, म्हणजे सात गुंठे गेले. क्षेत्र 0.4 हेक्टरच्या वर असल्याने 10 टक्के खुली जागा सोडायची, म्हणजे आणखी चार गुंठे. विकायला उरले 29. हीच जमीन मंजुरीच्या भानगडीत न पडता 12 फुटी बोळ ठेवून तोडली, तर बोळाला तीन गुंठे जातात आणि 37 विकता येतात. गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकण्याचे, बरेचसे अर्थकारण या आठ गुंठ्यांत आहे.

त्याची किंमत नंतर राहणारे मोजतात. दोन्ही बाजूंना घरे चढतात, जिन्याची पहिली पायरी आणि पाण्याच्या मोटारीचा ओटा बोळात येतो, विजेचा खांबही तिथेच रोवला जातो. बारा फुटांचे नऊ होतात. उन्हाळ्यात टँकर रिव्हर्स घेत आत येतो तेव्हा उभ्या दुचाक्या आधी हलवाव्या लागतात. बोळाच्या मधोमध असलेले ड्रेनेजचे चेंबर उघडले की त्या दिवशी मागच्यांची गाडी घरापर्यंत येत नाही. अग्निशमन दलाचा बंब तर तोंडाशीच अडतो.

रुंदीपेक्षा चिवट प्रश्न मालकीचा. मंजूर रेखांकनात (लेआउटमध्ये) रस्ता नकाशावर येतो आणि यथावकाश स्थानिक संस्थेच्या ताब्यात जातो. बिनमंजुरीच्या प्लॉटिंगमध्ये खरेदीखताच्या चतुःसीमेत ‘पूर्वेस 12 फुटी रस्ता’ असे लिहिलेले असते, पण सातबाऱ्यावर त्या रस्त्याचा मागमूस नसतो. तेवढे क्षेत्र मूळ मालकाच्याच नावे राहते. तो वारला, वारसनोंदीचा फेरफार झाला, की कागदावर शिल्लक दिसणारे गुंठे विकायला किंवा तारेचे कुंपण घालायला पुढची पिढी मोकळी. शेतजमिनीचे ठरावीक मर्यादेखालचे तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या 1947च्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठा-दोन गुंठ्यांची खरेदी अडत असे, म्हणून अनेकांनी मिळून सामाईक क्षेत्र घेतले असेल, तर कोणाचा प्लॉट कुठे आणि वाट कुठे, हे फक्त एजंटच्या हातच्या नकाशात असते.

वाट अडवली तर शेतजमिनीला तहसीलदाराचा मार्ग असतो: मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906चे कलम 5 किंवा जमीन महसूल संहितेचे कलम 143. जमीन बिगरशेती झाली, घरे उभी राहिली, की प्रकरण बहुधा दिवाणी न्यायालयात जाते. तिथे 1882च्या सुखाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याचा हक्क) अधिनियमाचा आधार मिळतो: दुसरी वाटच नसेल तर आवश्यकतेचा हक्क, किंवा 20 वर्षांची अखंड, उघड वहिवाट. पण आवश्यकतेच्या हक्काने जाण्यापुरती वाट मिळते, सोयीचा रुंद रस्ता नव्हे. गुंठेवारी कायद्याने (2001चा; 2021च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020पर्यंतची बांधकामे त्यात आली) बांधकाम नियमित झाले तरी बोळाची रुंदी वाढत नाही.

शेजारच्या सर्व्हे नंबरशी जोड हा मुद्दा सगळ्यात दुर्लक्षित. प्रत्येकाचा रस्ता आपल्याच कुंपणाशी संपतो, आणि पलीकडच्या गल्लीत जायला मुख्य रस्त्यावरून वळसा पडतो. नगररचना योजनेत क्रम उलटा असतो: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून आधी रस्ते आखायचे, मग अंतिम भूखंड वाटायचे. शिवाजीनगर भागातल्या पत्त्यांत दिसणारा ‘फायनल प्लॉट नंबर’ त्याच पद्धतीतून आला. पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) म्हाळुंगे-माण येथे हीच पद्धत पुन्हा हाती घेतली.

शहराच्या जुन्या भागांत प्रश्न पुनर्विकासाच्या वेळी उघडा पडतो. 9 मीटरहून अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा इथे आणून वापरायचा बांधकाम हक्क, वापरता येत नाही. म्हणून 2020मध्ये सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव पुणे महापालिकेत आला. त्याचा आधार होता महापालिका अधिनियमाचे कलम 210, ज्यानुसार नवी रस्तारेषा आखता येते. जागा जाते ती रस्त्याकडेच्या मिळकतींच्या पुढच्या अंगणातून.