कंपनीचा ड्रायव्हर की विंडोजचा? संगणकावरच्या गाण्यामागचा एक जुना वाद

ठाण्यात नौपाड्याला किंवा वाशीत सेक्टर १७ ला कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला, तर फॉरमॅट मारून परत देताना दुकानदार एक वाक्य हमखास बोलतो: "साउंडचा ओरिजिनल ड्रायव्हर टाकलाय, आता आवाज बघा." ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि आवाजाची चिप यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम. गिऱ्हाइकालाही ते वाक्य पटतं. घरी जाऊन गाणं लावलं की आवाज खरोखर वेगळा वाटतो, बहुधा थोडा मोठा आणि भरीव. विंडोजसोबत फुकट येणारा सर्वसाधारण ड्रायव्हर म्हणजे कामचलाऊ आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा तो खरा, ही समजूत अशी पक्की होत जाते. माझं मत आधीच सांगतो. ही समजूत तयार झाली तेव्हा अगदी खरी होती, पण तिचं कारण आवाजाचा दर्जा हे नव्हतंच. ते कारण २००७ च्या सुमारास संपलं. समजूत मात्र राहिली.

सुरुवात विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासून करावी लागते. १९८१ च्या आयबीएम पीसीत आवाजासाठी एक चिमुकला स्पीकर होता, तो फार तर टूं टूं करायचा. १९८७ मध्ये यामाहाची चिप बसवलेलं ॲडलिब कार्ड आलं आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर. डॉसमध्ये सगळ्या प्रोग्रॅमना मिळून वापरता येईल असा ड्रायव्हर नव्हताच. प्रत्येक गेम आपापल्या पोटात प्रत्येक कार्डासाठीचा कोड घेऊन यायचा आणि सुरू होण्याआधी कार्ड कुठल्या क्रमांकांवर बसवलंय ते विचारायचा: पोर्ट २२०? आयआरक्यू ५ की ७? डीएमए १? उत्तर चुकलं की आवाज बंद. त्यामुळे इतर कार्डवाल्यांनी सोपा मार्ग धरला आणि साउंड ब्लास्टरची नक्कल केली. खोक्यावर 'साउंड ब्लास्टर कंपॅटिबल' छापलं की माल खपायचा. म्हणजे त्या काळातलं 'जेनेरिक' हे एका कंपनीच्या मालाची उघड नक्कल होतं.

गाणी ऐकणाऱ्याला मात्र तेव्हा या कशाचीच फिकीर नव्हती. ऑडिओ सीडी लावली की सीडीवरच्या आकड्यांचं सीडी ड्राइव्हमध्येच ॲनलॉग गाणं, म्हणजे विद्युत लहर, व्हायचं आणि ड्राइव्हच्या मागून निघालेल्या एका बारीक वायरीतून थेट साउंड कार्डात जायचं. आवाजाचे आकडे प्रोसेसरपर्यंत पोचतच नसत. पुढे गाणी हार्ड डिस्कवर एमपी थ्री होऊन राहू लागली, तेव्हा कुठे ड्रायव्हर गाण्याच्या वाटेत आला.

विंडोज ३.१ ने १९९२ मध्ये कामाची वाटणी बदलली. प्रोग्रॅमने विंडोजशी बोलायचं, विंडोजने ड्रायव्हरशी, आणि ड्रायव्हरने कार्डाशी. विंडोज ९८ पासून या रचनेत केमिक्सर नावाचा एक तुकडा शिरला. तो विंडोज २००० आणि एक्सपीतही राहिला. त्याचं काम गाणं, मेलची टिंग आणि गेमचा धमाका एकत्र करून कार्डाला एकच प्रवाह देणं. पण वेगवेगळ्या वेगाचे प्रवाह मिसळायचे तर आधी ते एका वेगाला आणावे लागतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजलेली मापं, असतात, चित्रपट आणि डीव्हीडीच्या आवाजात ४८,०००. एक्सपीत या रूपांतराचा दर्जा ठरवणारी एक पट्टी होती, पण ती साउंडच्या सेटिंगमध्ये इतकी आत दडवलेली की तिथवर फार थोडे पोचले.

याच सुमाराला इंटेलने एसी ९७ हे मानक आणलं. नावाप्रमाणेच १९९७ चं. आवाजाचं बरंचसं काम प्रोसेसरवर ढकलायचं, मदरबोर्डवर फक्त आकड्यांची विद्युत लहर करणारी एक स्वस्त कोडेक चिप बसवायची, असा हिशेब. त्यामुळे वेगळं साउंड कार्ड घ्यायची गरज उरली नाही आणि मध्यमवर्गीय घरातला कॉम्प्युटर तेवढा स्वस्त झाला. पण एसी ९७ ची मूळ चाल ४८,००० ची. दुसरा वेग पेलणं कोडेकला ऐच्छिक होतं, आणि बऱ्याच ठिकाणी सीडीचं गाणं रूपांतर होऊनच पुढे जायचं. दर १४७ नमुन्यांचे १६० करायचे, म्हणजे मधले आकडे अंदाजाने भरायचे. हे गणित नीट केलं तर कानाला कळत नाही. घाईने केलं तर वरच्या पट्टीत खरखरीत किनार येते, झांजेत किंवा तारसप्तकातल्या सतारीत ती आधी जाणवते. गंमत म्हणजे १९९८ चं महागडं साउंड ब्लास्टर लाइव्हसुद्धा आतल्या आत सगळं ४८,००० वरच आणायचं. तेव्हा पैसे मोजून घेतलेलं कार्ड आणि त्याच कंपनीचा ड्रायव्हर असूनही गाणं जसंच्या तसं बाहेर येत नव्हतं.

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येऊ. ते या पुढच्या काळात जन्मलं. २००० नंतर ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत असेंबल्ड कॉम्प्युटर आला. कुणी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचं, कुणी गल्लीतल्याच जाणकार मुलाला सांगायचं. मदरबोर्डच्या खोक्यात एक ड्रायव्हर सीडी असे. ती जपून ठेवावी लागे, आणि नेमकी हवी तेव्हा ती सापडत नसे. कारण २००१ चा एक्सपी एसी ९७ च्या काही चिपा ओळखायचा, बऱ्याच नाही. २००४ मध्ये इंटेलने एसी ९७ च्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं, आणि ते तर एक्सपीच्या जन्मानंतरचं! फॉरमॅट मारल्यावर डिव्हाइस मॅनेजर या विंडोजच्या यंत्रभागांच्या यादीत पिवळं प्रश्नचिन्ह यायचं आणि मशीन मुकं व्हायचं. आधी मायक्रोसॉफ्टचा एक खास पॅच लागायचा, केबी ८८८१११ या क्रमांकाचा, मग त्यावर कंपनीचा ड्रायव्हर. रिअलटेकच्या इन्स्टॉलरमध्ये हा पॅच बहुधा आतच असे. रिअलटेक ही तैवानची कंपनी, तिचं चिन्ह खेकडा. घड्याळाशेजारी स्पीकरचं नारिंगी चित्र उमटलं की घरात हायसं वाटायचं.

म्हणजे त्या वेळी तुलना चांगला आवाज आणि वाईट आवाज अशी नव्हतीच, आवाज आहे की नाही एवढीच होती. कंपनीचा ड्रायव्हर 'ओरिजिनल' ठरला तो इथे.

जानेवारी २००७ मध्ये विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती बाजारात आली. इतर बाबतींत तिला लोकांनी नावं ठेवली, पण आवाजाची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने तिच्यात मुळापासून नव्याने बांधली. हाय डेफिनिशन ऑडिओसाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच आला, सीडी हरवली तरी गाणं वाजू लागलं. केमिक्सर गेला. मिसळण्याचं काम कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, बाहेर आणि ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांशातल्या बारीक, गणिताने होऊ लागलं. आणि वासापी नावाचा रस्ता खुला झाला. त्याच्या 'एक्सक्लुझिव्ह' प्रकारात फूबार २००० सारखा प्लेअर मिक्सरला बाजूला सारून थेट ड्रायव्हरला आकडे देऊ शकतो. मग मेलची टिंग वाजत नाही, पण गाणंही कुठे बदलत नाही.

वादाचा निकाल खरं तर इथेच लागतो. ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा असो की रिअलटेकचा, दोघांचे आकडे एकाच इंजिनातून येतात आणि एकाच कोडेक चिपमध्ये जातात. विद्युत लहर घडवते ती चिप. नमुन्यांचा वेग सारखा ठेवला, आवाजाची पातळी सारखी ठेवली आणि सगळे इफेक्ट बंद केले, तर गाण्यात फरक पडायला जागाच उरत नाही.

मग घरी ऐकू येतो तो फरक कुठला? तो इफेक्टचा. व्हिस्टापासून आवाजाच्या वाटेत प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्रॅम बसवायची सोय झाली आणि कंपन्यांनी ती मनापासून वापरली. रिअलटेकच्या पॅनेलमध्ये इक्वलायझर होता, कराओकेसाठी स्वर वरखाली करायची सोय होती, आणि 'एन्व्हायर्नमेंट' या यादीत बाथरूम, सभागृह आणि चक्क सांडपाण्याचा पाइप होता. पाइपात बसून ठुमरी कुणाला ऐकायची होती, कोण जाणे. सर्वसाधारण ड्रायव्हरही अगदी सोवळा नव्हता म्हणा. त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे बास बूस्ट आणि लाउडनेस इक्वलायझेशन होते.

यातलं लाउडनेस इक्वलायझेशन शास्त्रीय संगीताला फार घातक. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठा खाली दाबतं. चित्रपट बघताना संवाद स्पष्ट येतात, पण विलंबित ख्यालात गायक श्वास घ्यायला थांबला की मागचा तानपुरा हळूहळू फुगून पुढे येतो, आणि पुढची आलापी सुरू झाली की पुन्हा दबतो. तबल्याची थाप आणि त्यानंतर रेंगाळणारी नादाची आस यांतलं अंतरही सपाट होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ड्रायव्हरने काय बारकावे बाहेर काढलेत! शिवाय दोन आवाजांत जो किंचित मोठा, तोच कानाला सरस वाटतो, ही कानाची जुनीच खोड आहे. दुकानातल्या चाचणीत ती नेहमी कंपनीच्या बाजूने कौल देते.

कंपनीच्या ड्रायव्हरचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. कुठल्या जॅकमध्ये काय खोचलंय हे ओळखणं, हिरव्या, निळ्या, गुलाबी भोकांची कामं बदलणं, हे त्याच्याच पॅनेलमधून व्हायचं. जुन्या स्वस्त कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर एसी ९७ पद्धतीची आणि मदरबोर्ड नव्या पद्धतीचा, असा बेबनाव झाला की हेडफोन लावूनही शांतता. पॅनेलमध्ये पुढच्या जॅकची तपासणी बंद करणारी एक खूण होती, ती केली की काम व्हायचं. असेंबल करणाऱ्या पोरांना हा उपाय पाठ होता. उलट, स्पीकरमधून येणारी ५० हर्ट्झची घुं घुं कुठल्याच ड्रायव्हरने जात नाही. तिथे भिंतीतलं अर्थिंग किंवा वायरींची जुळणी तपासायला हवी.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी दुकानदाराच्या बाजूने आहे. पातळ लॅपटॉपचे नखाएवढे स्पीकर मुळात किरटे वाजतात. कंपनी त्या विशिष्ट स्पीकरसाठी आवाज घडवते, डॉल्बी किंवा वेव्ह्जच्या नावाखाली, आणि ती घडण ड्रायव्हरच्या गाठोड्यात येते. सर्वसाधारण ड्रायव्हर टाकला की ती जाते. काही नव्या मॉडेलांत स्पीकरला वेगळी स्मार्ट ॲम्प्लिफायर चिप असते. तिला योग्य ड्रायव्हर मिळाला नाही तर आवाज अगदीच पडतो किंवा येतच नाही. त्याच लॅपटॉपला हेडफोन लावले की ही घडण बंद ठेवलेली बरी.

राहिला यूएसबी डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी, यूएसबीत खोचायची बाहेरची डबी. यूएसबी ऑडिओचं पहिलं मानक १९९८ चं. विंडोज ते लवकरच शिकली, पण त्यात साधारण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या पुढे जाता येत नसे. दुसरं मानक २००६ मध्ये आलं. मॅक आणि लिनक्सने ते आधी स्वीकारलं. विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर दिला तो थेट २०१७ मध्ये, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत. मधली सगळी वर्षं प्रत्येक डॅकवाल्याला विंडोजसाठी वेगळा ड्रायव्हर द्यावा लागला, आणि 'कंपनीचा तोच खरा' ही समजूत नव्या पिढीत पुन्हा रुजली. कारण पुन्हा तेच, त्याच्याशिवाय यंत्र पूर्ण क्षमतेने चालतच नव्हतं. आज बहुतेक डॅक नुसते खोचले की वाजतात. कंपनीचा ड्रायव्हर लागतो तो स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या एसिओ या रेकॉर्डिंगवाल्यांच्या थेट मार्गासाठी, डीएसडी या वेगळ्या पद्धतीने साठवलेल्या आवाजाची फाइल थेट पाठवायची असेल तर, किंवा डॅकचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, बदलायला. आणि तो 'कंपनीचा' ड्रायव्हरही पुष्कळदा त्या कंपनीने लिहिलेला नसतो. वेगवेगळ्या नावांच्या अनेक डॅकसोबत येतो तो जर्मनीतल्या थेसिकॉनचा एकच ड्रायव्हर, वर फक्त नाव आणि रंग बदललेले.