मोटर हवा धरते तेव्हा पेट्रोल गळत नाही

परवा सांगलीहून मिरजेला जाताना एका पंपावर थांबलो तर नोझलमधून नुसती करंगळीएवढी धार. माझ्या पुढच्या बुलेटवाल्याचा पारा चढलेला, "आकडा बघा कसा रांगतोय, मापात मारायला लागलेत." नोझल धरलेलं पोरगं गप्प. शेवटी मॅनेजर ५ लिटरचं माप घेऊन आला, त्यात ओतून दाखवलं, बरोबर रेषेवर. (हे माप पंपावर असतंच, शंका आली तर बिनधास्त मागायचं.) धार बारीक असली म्हणजे माप कमी असं नसतं, मीटर लिटर मोजतो, वेग नाही.

मग धार बारीक का? बहुतेक वेळा फिल्टर चोंदलेला असतो, त्या दिवशीही तेच निघालं. पण दुसरं एक कारण असू शकतं, की जमिनीखालची पाइप गळतीय आणि गळती ओळखणाऱ्या डिटेक्टरनं ते ओळखून धार आवळलीय. त्यासाठी जरा विहिरीवर जाऊ.

काठावर मोनोब्लॉक मोटर असली की सक्शन पाइपच्या तळाला फूटव्हॉल, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप असते, आमच्याकडं त्याला सरळ फुटबॉल म्हणतात. मोटर पाणी ओढते म्हणजे पाइपमधली हवा कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. आता या पाइपला वर कुठं भोक पडलं तर पाणी बाहेर येतं का? नाही, बाहेरची हवा आत घुसते, मोटर हवा धरते, पाणी तुटतं आणि घरातला म्हातारा माणूससुद्धा आवाजावरनं सांगतो की सक्शनला हवा लागलीय. पण मोटर बंद केल्यावर काय होतं बघा. फुटबॉल तळाला असल्यामुळं पाणी पाइपमध्येच उभं राहतं आणि भोकातनं हळूहळू बाहेर पाझरतं.

पेट्रोल पंपाच्या एका जातीच्या पाइपलाइनमध्ये हेच सगळं आहे, फक्त फुटबॉल उलट्या टोकाला. ओढणारा पंप वर डिस्पेन्सरमध्ये, म्हणजे नोझलच्या मशीनमध्ये, पाइपला टाकीकडं उतार, आणि अख्ख्या लाइनमध्ये एकच नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, तोही डिस्पेन्सरच्या बरोबर खाली. पाइप फुटली की हवा आत आली, वरचं ओढणं संपलं, पेट्रोल उतारानं आपोआप परत टाकीत. जमिनीत जायला पाइपमध्ये काही शिल्लकच राहत नाही! अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेनं १९८८ साली जमिनीखालच्या टाक्यांसाठी नियम काढले, त्यात अशा सक्शन लाइनला गळती शोधायची यंत्रणाच लागत नाही, सक्तीतनं माफी. तोच व्हॉल्व्ह खाली टाकीपाशी बसवला की माफी रद्द, मग दर ३ वर्षांनी लाइनची चाचणी करा नाहीतर दर महिन्याला लक्ष ठेवा. पाइप तीच, पेट्रोल तेच, फक्त व्हॉल्व्हची जागा बदलली. मला हा नियम जाम आवडतो.

मग सगळीकडं सक्शनच का नाही? कारण ढकलायला फक्त हवेचा दाब आहे आणि पेट्रोल उडतं. उन्हाळ्यात ओढता ओढता पाइपमध्येच वाफ होते. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथं हवेचा दाबच समुद्रकाठच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ढकलणाराच अशक्त. म्हणून मोठ्या पंपांवर बोअरसारखी सबमर्सिबल टाकीत सोडतात आणि पेट्रोल दाबानं वर पाठवतात. इथं भोक पडलं की सगळं बाहेर, आणि वर कुणाला पत्ता नाही, कारण नोझलला पेट्रोल येतच राहतं.

म्हणून दाबाच्या लाइनला डिटेक्टर सक्तीचा. ईपीएचा नियम असा की १० पीएसआय दाबाला तासाला ३ गॅलन, म्हणजे सव्वाअकरा लिटरच्या आसपास, गळत असेल तर एका तासाच्या आत कळलं पाहिजे. १० पीएसआय म्हणजे मोटरसायकलच्या चाकात असते त्याच्या साधारण तिसरा हिस्सा हवा. साध्या डिटेक्टरमध्ये वीजसुद्धा नसते, एक स्प्रिंग आणि पिस्टन. टाकीतला पंप सुरू झाला की आधी तो बारीक धारच लाइनमध्ये सोडतो. पाइप धड असेल तर द्रव दबत नाही, काही सेकंदात दाब चढतो आणि पिस्टन सरकून वाट मोकळी होते. पाइप गळत असेल तर येईल तेवढं भोकातनं जातं, दाब चढतच नाही, वाट अर्धवटच राहते आणि नोझलला ती करंगळी.

यात एक भानगड आहे. टँकरमधनं आलेलं पेट्रोल गरम, जमीन गार. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारावा भाग आकसतं. २ इंची पाइपमध्ये मीटरला २ लिटर धरले तर २५ मीटरच्या लाइनमध्ये ५० लिटर, एका अंशाला ५० मिली कमी. गळती नसताना दाब पडतो, डिटेक्टर उघडायला वेळ लावतो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. उलट तासाला ३८० मिलीची बारीक गळती या डिटेक्टरला दिसतच नाही, दिवसाला ९ लिटर जमिनीत जातात. तिच्यासाठी वर्षातनं एकदा नेहमीच्या दीडपट दाबानं वेगळी चाचणी, नाहीतर दर महिन्याला तपासणी.

आमच्या भागात हातावर नारळ ठेवून बोअरची जागा सांगणारे पाणाडे आहेत. एका पंपवाल्यानं गळती शोधायला पण तसाच एक आणला होता असं ऐकलं, नारळ उभा राहिला तो म्हणे संडासाच्या टाकीवर. काळ्या खडकाच्या भेगांत पाणी बऱ्याच ठिकाणी लागतं म्हणून नारळ पास होतो, पाइपचं भोक मात्र एकाच जागी असतं.

डिटेक्टरवर तरी भरवसा का ठेवायचा? त्याचीही दरवर्षी परीक्षा असते. डिस्पेन्सरपाशी एक नळी जोडायची, तिच्यातनं मोजून तासाला सव्वाअकरा लिटरनं पेट्रोल डब्यात सोडायचं, म्हणजे मुद्दाम गळती करायची, आणि पंप चालू करायचा. डिटेक्टरनं धार आवळली तर ठीक. पूर्ण वाट उघडून दिली तर तो काढायचा आणि नवा बसवायचा.