सुतक
घरात किंवा भाऊबंदांत मृत्यू झाल्यावर पाळायचा अशुद्धीचा (आशौच) काळ, व्यवहारात शोकाचाही. संस्कृत 'सूतक' हा शब्द 'सू' (प्रसवणे) या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ जन्माची अशुद्धी. मनुस्मृतीत मृत्यूच्या अशुद्धीला 'शाव' म्हटले आहे. पुढे ग्रंथांत 'सूतक' हा शब्द दोन्हींसाठी आला. मराठीने जन्माला 'सोयर' आणि मृत्यूला 'सुतक' अशी वाटणी केली. 'सोयरसुतक नसणे' या वाक्प्रचारात दोन्ही शेजारी आहेत.

या प्रथेमागे संसर्गाची भीती असावी, असे काही अभ्यासक मानतात. परंतु दूरदेशी झालेल्या मृत्यूची नुसती वार्ता ऐकूनही सुतक लागते. तेव्हा हे स्पष्टीकरण अपुरे वाटते.

सपिंडांना (सात पिढ्यांपर्यंत) दहा दिवस, समानोदकांना (त्यापलीकडच्या भाऊबंदांना) तीन दिवस. आईवडिलांचे सुतक विवाहित मुलीला तीन दिवस. घोळ होतो तो मोजणीत. दिवस दहनापासून नव्हे, मृत्यूपासून धरतात (घरात नित्य अग्नी राखणारा अग्निहोत्री वारल्यास मात्र दहनापासून). मृत्यू रात्री झाल्यास रात्रीचे तीन भाग करून पहिले दोन आदल्या दिवसात व तिसरा पुढच्या दिवसात धरावा, असे एक मत आहे. मध्यरात्र वा सूर्योदय ही हद्द मानणारेही आहेत, म्हणून देशाचार (त्या भागातली रीत) पाहावा. वार्ता दहा दिवसांच्या आत कळल्यास उरलेले दिवसच. नंतर कळल्यास तीन रात्री, वर्ष उलटल्यावर केवळ स्नान. आईवडिलांच्या बाबतीत पुत्राला वार्ता कधीही कळो, तेव्हापासून पूर्ण दहा. पहिल्या सुतकात दुसरे आले तर ते पहिल्याबरोबर फिटते. दहाव्या रात्री आल्यास दोन दिवस व पहाटे आल्यास तीन दिवस वाढतात.

शोक आवरण्याची तरतूद याज्ञवल्क्यस्मृतीत (प्रायश्चित्ताध्याय) आहे. स्मशानातून परतण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी जुन्या कथा सांगून सांत्वन करावे; आप्तांचे अश्रू प्रेताला नाइलाजाने प्राशन करावे लागतात, म्हणून रडू नये. दाराशी कडुनिंबाची पाने चावावीत, आचमन करून अग्नी, पाणी, शेण, पांढरी मोहरी यांना स्पर्श करावा आणि दगडावर पाय ठेवून हळूच आत जावे. अन्न विकतचे वा दुसऱ्याने दिलेले, झोप जमिनीवर. निंबाचा पाला महाराष्ट्रात अनेक घरी आजही चावतात. चूल बंद, शेजारी पिठलंभात आणून देतात.

लिंगायतांत सुतक तत्त्वतः अमान्य आहे.