दोन तारे, तीन तारे, मग अशोकस्तंभ

इन्फन्ट्रीतला, म्हणजे पायदळातला तरुण अधिकारी आज पलटणीत येतो तो खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे लावूनच. एका ताऱ्याचा सेकंड लेफ्टनंट २००४ नंतर राहिला नाही. त्यामागे रखडणाऱ्या बढत्यांची बरीच जुनी कुरकुर आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भारतीयांना सँडहर्स्टची, म्हणजे इंग्लंडमधल्या लष्करी अकादमीची दारं उघडली, तीही वर्षाला जेमतेम दहा जागांपुरती. १९२३ मध्ये आठ पलटणी आणि रिसाले 'भारतीयीकरणा'साठी बाजूला काढले. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी पलटणही होती. नाव भारतीयीकरणाचं, पण गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी वरिष्ठाचे हुकूम ऐकायची वेळ येऊ नये, ही सोय त्यात साधली. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात याच आठांपैकी एका पंजाबी पलटणीत घडले.

१९३२ मध्ये डेहराडूनची लष्करी अकादमी सुरू झाली. पहिल्या चाळीस जणांत माणेकशॉ होते. पण इथून निघालेल्याला पगार सँडहर्स्टवाल्यापेक्षा कमी आणि हाती प्लाटून, म्हणजे जे काम आजवर सुभेदार-जमादार करत आले तेच. गोरा अधिकारी कंपनी सांभाळतोय आणि आपण तीसेक जवान, हे सलणारच.

दुसरं महायुद्ध आणि १९४७ ने ही कोंडी फोडली. इंग्रज गेले, खुर्च्या रिकाम्या झाल्या, बढत्या भराभर मिळाल्या. १९६२ नंतर भरती वाढली आणि बढतीची रांग पुन्हा लांबली. पुढे ऐंशीच्या दशकात पलटणीची कमांड लेफ्टनंट कर्नलकडून कर्नलकडे गेली.

कारगिलनंतर 'डोंगर चढणारा कमांडिंग ऑफिसर तरुण हवा' हा मुद्दा ऐरणीवर आला. अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींनुसार डिसेंबर २००४ पासून तीन ताऱ्यांचा कॅप्टन दोन, अशोकस्तंभाचा मेजर सहा आणि लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांत, निवडीशिवाय ठरल्या वेळी, अशी सोय झाली. त्याआधी नुसतं मेजर व्हायलाच दहाहून अधिक वर्षं जात.

बढतीच्या वाटेतला बाटलीचा गळा मात्र तसाच अरुंद राहिला, फक्त एक पायरी वर सरकला. कर्नलपद निवडीनेच मिळतं. त्यासाठी क्रमांक तीनचं सिलेक्शन बोर्ड, म्हणजे निवड मंडळ बसतं तेव्हा मेजर असताना कंपनी सांभाळल्याचे गोपनीय अहवाल समोर असतात. कॉलरवर कर्नलची लाल पट्टी चढते ती त्यानंतर. इन्फन्ट्रीला यात जादा जागा मिळतात म्हणून लष्कराच्याच इतर शाखांचे अधिकारी कोर्टात गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते धोरण ग्राह्य धरलं, पण इतरांसाठी कर्नलच्या १४१ जागा वाढवायला सांगितल्या.