पार्श्वभूमी : चाळिशीतला मधुमेह आणि चुकणारा 'टाइप'

सोलापूरच्या पूर्व भागातल्या दवाखान्यांत अशी फाईल वरचेवर दिसते. वय बेचाळीसच्या आसपास, यंत्रमागावर रातपाळी, अंगाने किडकिडीत. चार-सहा महिन्यांत वजन उतरलेले, रात्रीतून चारदा लघवीला उठावे लागते, उपाशीपोटी शुगर अडीचशेच्या पुढे. पहिल्याच दिवशी केसपेपरवर 'टाइप २' असे लिहिले जाते आणि मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची गोळी सुरू होते. शुगर थोडी उतरते, वर्षा-दोन वर्षांत पुन्हा चढते. मग गोळ्या वाढतात. दोष मात्र पथ्य न पाळण्यावर येतो आणि घरचे भाताचे ताट मोजू लागतात.

बहुतेक वेळा 'टाइप २' हे निदान बरोबरच असते, हे आधी सांगायला हवे. प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्यांचे निदान चुकते ते डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे क्वचितच. मधुमेहाच्या प्रकारांना गेल्या अर्धशतकात जी नावे मिळाली आणि ज्या निकषांवर मिळाली, त्यातच या चुकीची मुळे आहेत.

हा आजार एकच नाही, ही जाण जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्तज (चुकीच्या खाण्या-राहण्यातून होणारा) असे दोन प्रमेह आहेत, चरकाने कृश आणि स्थूल रुग्णांचे उपचार वेगळे सांगितले. इन्सुलिन 1922 मध्ये माणसांना देता येऊ लागले. 1936 मध्ये लंडनच्या एका डॉक्टराने दाखवून दिले की काही रुग्णांचे शरीर इन्सुलिनला लगेच दाद देते, काहींचे देत नाही. व्यवहारात मात्र पुढची चाळीस वर्षे वयावरच भागले: लहानपणीचा मधुमेह आणि मोठेपणीचा मधुमेह.

1979-80 मध्ये वय बाजूला ठेवून 'इन्सुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'नसलेला' अशी नावे आली. सुधारणा म्हणून आलेल्या या नावांनी नवा घोळ केला. आजार कशाने झाला हे ही नावे सांगत नव्हती, उपचार काय चालू आहे एवढेच सांगत होती. दहा वर्षांनी गोळ्या लागू पडेनाशा होऊन इन्सुलिनवर आलेला रुग्ण कोणत्या रकान्यात घालायचा, हे कोणालाच नीट ठरवता येईना. 1997 मध्ये अमेरिकेत आणि 1999 मध्ये जागतिक पातळीवर ही नावे मागे घेऊन कारणावर आधारलेले टाइप १ आणि टाइप २ आले. पहिल्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. दुसऱ्यात इन्सुलिन तयार होते, पण पुरेसा गुण देत नाही. कागदावरची नावे बदलली, तरी 'लहान मुलाला टाइप १, मोठ्या माणसाला टाइप २' ही सवय सुटली नाही. आजही ओपीडीच्या गर्दीत तीच पटकन हाताशी येते.

दरम्यान प्रयोगशाळेत वेगळेच दिसत होते. स्वादुपिंडाविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या त्या हल्ल्याची रक्तातली खूण, 1974 मध्ये सापडल्या. त्याच दशकात गोळ्यांवर चाललेल्या काही प्रौढांच्या रक्तातही त्या आढळल्या, आणि अशांना लवकर इन्सुलिन लागते असे दिसू लागले. पुढे गॅड नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी मोजता येऊ लागली आणि 1993 मध्ये या गटाला नाव मिळाले: लाडा. प्रौढ वयात, सावकाश, आतल्या आत वाढणारा प्रतिकारजन्य मधुमेह. ब्रिटनमध्ये नव्याने 'टाइप २' ठरलेल्यांचा मोठा अभ्यास 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 10 टक्के लोकांत गॅड अँटिबॉडी होती, आणि पंचविशी ते पस्तिशीच्या गटात हे प्रमाण 34 टक्के होते.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. गुंता सुरू होतो तो लाडाच्या व्याख्येपासून. 2005 च्या सुमारास तिचे तीन निकष रूढ झाले: वय तिशीच्या पुढे, अँटिबॉडी सापडलेली, आणि निदानानंतर किमान सहा महिने इन्सुलिनशिवाय निभावलेले. पहिले दोन निकष रुग्णाच्या शरीराबद्दल आहेत. तिसरा निकष डॉक्टरच्या निर्णयाबद्दल आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात घातक ठरला. एकाच रक्ताचे, एकाच वयाचे दोन रुग्ण घ्या. एकाच्या डॉक्टरने तिसऱ्या आठवड्यात इन्सुलिन लावले, तर त्याचा झाला टाइप १. दुसऱ्याने वर्षभर गोळ्यांवर काढले, तर त्याचा झाला लाडा.

सोलापुरात या निकषाचा अर्थ आणखी बिघडतो. इथे इन्सुलिन लांबणीवर पडायला वैद्यकीय कारण असावेच लागते असे नाही. 'एकदा सुई लागली की कायमची लागली' ही धास्ती घराघरांत आहे. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई, कामाच्या वेळा ठरलेल्या नाहीत, घरी फ्रिज नाही. तिला इन्सुलिन सांगितले तर ती पुढच्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, आणि तिथे गोळ्या बदलून मिळतात. असे सहा महिने सहज निघतात. ते निघाले म्हणून तिचा आजार सावकाशीचा होता, असे म्हणणे मला पटत नाही. त्या काळात उरल्यासुरल्या बीटा पेशी जळत असतात, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

उलट बाजूचा युक्तिवादही वजनदार आहे. जिथे शंभरातले नव्वदहून अधिक प्रौढ खरोखरच टाइप २ चे असतात, तिथे सरसकट सगळ्यांची गॅड तपासणी केली तर काही सौम्य 'पॉझिटिव्ह' निकाल खोटेच निघणार. काही संशोधक तर म्हणतात की लाडा हा वेगळा आजार नाहीच: खऱ्या टाइप १ चे काही रुग्ण आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले टाइप २ चे काही, यांची ती मिसळ आहे. या वादाचा निकाल लागलेला नाही. 2019 च्या जागतिक वर्गीकरणाने लाडा हे नाव टाळून या आजाराला 'मिश्र' प्रकारांत बसवले. अमेरिकेतल्या मार्गदर्शनाने मात्र अशा सगळ्यांना थेट टाइप १ मध्ये घातले. जपानचे नाव आणि निकष आणखी वेगळे. बोलीत कोणी 'टाइप दीड'ही म्हणते. रुग्णाने गूगल केले तर एकाच आजाराची चार-पाच नावे हाती येतात.

टाइप १ हा मुलांचाच आजार, या समजाला मोठा धक्का 2018 मध्ये बसला. ब्रिटनच्या एका जनुकीय अभ्यासात साठीपर्यंत होणाऱ्या टाइप १ पैकी 42 टक्के तिशीनंतर सुरू झालेला आढळला. तरी तो लपून राहतो, कारण 31 ते 60 या वयातल्या एकूण नव्या मधुमेहींत हे लोक जेमतेम 4 टक्के असतात. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात दिसले की तिशीनंतर टाइप १ झालेल्यांपैकी 38 टक्क्यांना निदानाच्या वेळी इन्सुलिन मिळालेच नव्हते, आणि त्यांतले जवळपास निम्मे लोक कित्येक वर्षांनंतरही स्वतःला टाइप २ समजत होते.

हे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. तिकडे किडकिडीत मधुमेही दिसला की डॉक्टरला टाइप १ चा संशय येतो. आपल्याकडे ही खूण तितकी भरवशाची नाही. पुण्यातल्या संशोधनाने दाखवले की आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी, पण चरबीने तितकी कमी नसतात. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढे सुटलेले, अशा माणसाला खराखुरा टाइप २ होतो. म्हणजे पूर्व भागातल्या त्या किडकिडीत कामगाराचे पहिले निदान बरोबरही असू शकते. नुसते बघून ते कळत नाही, आणि म्हणूनच चाचणीला महत्त्व येते.

चाचण्या दोन. गॅड अँटिबॉडीचा नमुना जिल्ह्यातून बहुधा पुण्या-मुंबईच्या लॅबला जातो आणि खर्च हजारांत होतो. मागावरच्या मजुराला तो सहज परवडत नाही. दुसरी सी-पेप्टाइड: शरीर स्वतःचे किती इन्सुलिन बनवते हे ती सांगते. साधारण 0.6 च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली आकडा आला तर इन्सुलिन जवळपास संपले आहे, आणि 1.8 च्या वर असेल तर टाइप २ ची शक्यता जास्त. पण ही चाचणी निदान नवे असताना फसवते. टाइप १ मध्येही सुरुवातीची काही वर्षे पेशी तग धरून असतात. उलट शुगर फार चढलेली असताना टाइप २ चे स्वादुपिंडही तात्पुरते मंदावते. म्हणून ती तीन-एक वर्षांनी, सोबत त्याच वेळची शुगर बघून, पुन्हा वाचावी लागते. तेवढ्या काळात रुग्ण दोन-तीन दवाखाने बदलतो आणि जुनी फाईल हरवते.

चुकीची किंमत अलीकडे वाढली आहे, आणि याची चर्चा फार कमी होते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या टाइप २ मध्ये हृदयाला आणि मूत्रपिंडाला राखतात, त्यामुळे त्या योग्यच लिहिल्या जातात. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे 2025 मध्ये संपले. गोळ्या स्वस्त झाल्या, तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोहोचल्या. पण इन्सुलिन कमी असलेल्या माणसाला या गोळ्यांमुळे रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. 2015 मध्ये अमेरिकेतून तसा इशारा आला होता. फसगत अशी की तेव्हा ग्लुकोमीटरवर शुगर दोनशेच्या आतही दिसू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणे पित्तावर किंवा उन्हावर ढकलली जातात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ती ढकलायला वेळ लागत नाही. अशा वेळी रक्तातले किंवा निदान लघवीतले कीटोन (आम्ल साचत असल्याची खूण) तपासायला हवेत.

इतर चुकांचा उल्लेख थोडक्यात. स्वादुपिंडात खडे होऊन होणारा मधुमेह भारतात जुना आहे. जुनी पोटदुखी आणि तेलकट शौच असेल तर पोटाचा साधा एक्स-रेही बऱ्याचदा तो दाखवून देतो. उलट दिशेची चूकही होते: एका जनुकातल्या दोषामुळे मधुमेह झालेला तरुण टाइप १ समजून वर्षानुवर्षे इन्सुलिन घेत राहतो, आणि त्यांतल्या काहींना साधी सल्फोनिलयुरियाची गोळी पुरली असती.

राहिला कुपोषणाचा मधुमेह. 1955 मध्ये जमैकातून नोंदला गेलेला हा प्रकार 1985 च्या जागतिक वर्गीकरणात होता, 1999 मध्ये पुरावा अपुरा म्हणून वगळला गेला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आईबापांची मुले 1999 मध्ये ऐन पंचविशीत होती. त्यांच्यातल्या एखाद्याला असा मधुमेह झाला असेल, तर त्याच्यासाठी रकानाच उरला नाही. वेल्लोरच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून 2022 मध्ये दाखवले की या रुग्णांत इन्सुलिन कमी बनते, पण शरीर त्याला दाद देते, म्हणजे हा ना टाइप १ ना टाइप २. एप्रिल 2025 मध्ये बँकॉकच्या जागतिक परिषदेत त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता जाहीर झाली आणि निदानाचे निकष ठरवायला एका गटाला दोन वर्षांची मुदत मिळाली. त्या गटापुढचा अवघड प्रश्न वयाचा आहे: हा प्रकार आजवर तरुणांत वर्णिला गेला, पण बालपणी उपाशी राहिलेला माणूस चाळिशीत मधुमेही होऊन आला तर त्याला कुठे धरायचे, हे निकषांत स्पष्ट लिहावे लागेल.