कोल्हापूर म्हणजे नुसता जाळ? मुळीच नाही

‘तिखट सोसत नाही’ म्हणून कोल्हापूरचा बेत रद्द करणारे पाहिले की वाईट वाटतं. बाहेरगावच्या हॉटेलांतल्या ‘व्हेज कोल्हापुरी’वरून हा समज पसरलाय. तांबड्या रश्श्याचा लालभडक रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा. ती रंग जास्त देते, तिखटपणा कमी. खरी चव कांदा-लसूण चटणीची. आणि शेजारच्या वाटीतला पांढरा रस्सा? मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ. लाल तिखट त्यात पडतच नाही! लहान मुलंसुद्धा वाटी तोंडाला लावून पितात. मिसळ खाणार असाल तर कट (वरून ओतायचा तिखट रस्सा) वेगळा मागा.

राहायला भवानी मंडपाजवळ खोली घ्या, म्हणजे पहाटे अंबाबाईचं दर्शन पायीच होतं. नवरात्रात मात्र तिथे तोबा गर्दी. तेव्हा ताराबाई पार्क भागात राहिलेलं बरं.