सातबाऱ्यातली चूक आणि संत्र्यातलं ‘क’ जीवनसत्त्व

२०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा बरीच ओरड झाली. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा होता. तो शिकलेली माणसंही पुढे बिनदिक्कत विचारतात, ‘माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?’ आज दिसणाऱ्या कुठल्याही माकडापासून माणूस झालेला नाही. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत धुडगूस घालणारा वानर आणि बागवान या दोघांचा पूर्वज एक होता, साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी. त्या एका पूर्वजापासून फांद्या फुटल्या. दशावतारात डार्विन शोधणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते. ते शिडी बघतात, उत्क्रांती झाडासारखी आहे.

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव यांतली हाडं एकाच मांडणीची असतात, हा समान पूर्वजाचा शाळेतला पुरावा. त्यावर ‘निर्मात्याने चांगली रचना पुन्हा पुन्हा वापरली, त्यात काय?’ असा युक्तिवाद करता येतो. मोडक्या वस्तूबाबत तो करता येत नाही.

वानर आणि बागवान दोघांनाही ‘क’ जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळवावं लागतं. बागेखाली पडलेली सालं चघळणाऱ्या बकरीला ते खाण्यातून मिळवण्याची गरज नसते. तिचं यकृत ते ग्लुकोजपासून तयार करतं. यातली शेवटची पायरी पार पाडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, आणि त्याचं जनुक ‘गुलो’. पायऱ्या आपल्या शरीरातही जवळजवळ सगळ्या आहेत, फक्त ही शेवटची बंद. म्हणून १०० ग्रॅम संत्र्यातल्या साधारण ३० ते ५० मिलिग्रॅमचं आपल्याला मोल. (हजार मिलिग्रॅमच्या ‘इम्युनिटी’ गोळ्या गिळणाऱ्यांचा जास्तीचा बराचसा माल लघवीवाटे जातो, ते वेगळं.)

जनुक मात्र गेलेलं नाही. त्याचे अवशेष आपल्या आठव्या गुणसूत्रावर आहेत. उंदराच्या गुलो जनुकात १२ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, असतात. आपल्यात त्यांतले सात हरवलेत आणि उरलेल्यांतही बिघाड आहेत. दहाव्या एक्झॉनमध्ये डीएनएचं एक अक्षर गळालंय.

एका अक्षराने काय बिघडतं? डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो आणि पेशी तो तीन-तीन अक्षरांनी वाचते. समजा मजकूर आहे एटीजी-जीसीटी-एएसी. त्यातून मेथिओनिन, अ‍ॅलॅनिन, अ‍ॅस्परजिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, ओळीने लागतात. चौथं अक्षर गाळा. आता वाचन होतं एटीजी-सीटीए-एसी…, म्हणजे मेथिओनिन, ल्युसिन, थ्रिओनिन. पुढचं प्रत्येक त्रिकूट सरकतं आणि थोड्याच अंतरावर ‘थांबा’ सांगणारं त्रिकूट अवेळी येण्याची शक्यता वाढते. प्रथिन अर्धवट राहतं, विकर निकामी होतं.

दहाव्या एक्झॉनमधलं नेमकं तेच अक्षर चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकडातही गळालेलं आहे. दोघा चुलतभावांच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव एकाच ठिकाणी, एकाच प्रकारे चुकलेलं असेल, तर तलाठ्याने दोनदा स्वतंत्रपणे तीच चूक केली असं कोणी मानत नाही. जुन्या नोंदीतच चूक होती, आणि पुढच्या उताऱ्यांत ती उतरली.

लेमूर आणि लोरिस हे प्राणीही आपल्याच प्रायमेट गणातले, पण त्यांचं गुलो चालू आहे. म्हणजे त्यांची फांदी फुटल्यानंतर, सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, आपल्या फांदीवर बिघाड झाला. फळं-पाला खाणाऱ्या पूर्वजाला त्याने काही फरक पडला नसावा, म्हणून नैसर्गिक निवडीने तो बिघाड गाळून टाकला नाही. मग निकामी जनुकात चुका साचत गेल्या. माणूस-चिंपांझी यांच्या अवशेषांत फरक कमी, माणूस-मकाक यांच्यात जास्त. वंशवृक्ष शरीररचनेवरून जसा काढला होता, तसाच इथेही निघतो.

आता उलटतपासणी. गिनीपिगलाही ‘क’ जीवनसत्त्व बनवता येत नाही. समान निकामीपणा म्हणजे समान पूर्वजाकडून आलेला बिघाड, एवढंच समीकरण असतं, तर गिनीपिग उंदरापेक्षा आपल्या जवळचा ठरला असता. पण त्याच्या जनुकातली मोडतोड वेगळ्या धर्तीची आहे: पहिला व पाचवा एक्झॉन गहाळ, सहाव्याचा काही भाग गेलेला, बाकीचे बहुतेक ओळखू येतात. तो बिघाड त्याच्या फांदीवर, स्वतंत्रपणे आणि बराच नंतर झाला. म्हणून नुसतं ‘जनुक मोडलंय’ पुरत नाही. कुठे आणि कसं मोडलंय तेही पाहावं लागतं.

१९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे संशोधक खलाशांच्या बेरीबेरी या आजारावर प्रयोग करत होते. गिनीपिगना नुसतं धान्य दिलं, तर त्यांना स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाला. उंदीर निवडले असते तर ते ठणठणीत राहिले असते, कारण त्यांचं गुलो शाबूत आहे.